नदीच्या मध्यावर मान बदलते

१ मार्च

वही कोरी आहे, तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार. मी स्विलेन. ताते म्हणजे माझा बाप. त्याचं पाकीट आज आलं. आत लाल-पांढरा दोरा आणि सुकवलेल्या मिरच्या, दोघांना आता एकच वास. बल्गेरियात, आमच्या सोमोवेत्स गावी, आजच्या दिवशी हा दोरा मनगटाला बांधतात आणि वर्षाचा पहिला करकोचा दिसला की सोडून झाडाला अडकवतात. स्वतःचा स्वतः बांधायचा नसतो, दुसऱ्याने बांधायचा. ब्रसेल्समधल्या ह्या तळघरातल्या खोलीत दुसरा कोणी नाही. एक टोक दातात धरून बांधला. गाठ अशी बसलीय की करकोचा काय, गरुड आला तरी सुटणार नाही.

ताते फोनवर म्हणाला, "बांधलास?"

"बांधला."

"कोणी बांधून दिला?"

"आहेत की इथे मित्र."

"चांगलंय. मित्राचं नाव काय?"

तेवढ्यात खिडकीबाहेर एका बाईचं छोटं कुत्रं तिच्या पिशवीतून पाव पळवत होतं, ते बघण्यात नाव सांगायचं राहिलं.

४ मार्च

मोठी बातमी. तातेचा अर्ज युरोपीय संसदेच्या याचिका समितीपुढे येतोय! ह्याच महिन्यात. अर्जदाराने स्वतः येऊन बोलायचं असेल तर बोलावं, असंही कळवलंय. ताते येतो म्हणाला. जो माणूस नदी सोडून कधी सोफियाला गेला नाही, तो ब्रसेल्सला येणार.

अर्ज काय ते लिहून ठेवतो. आमच्या गावाहून दान्यूबपलीकडे रोमानियातल्या गुरा रेचेला फेरीबोट जायची. ताते तिच्यावर दोर फेकायचा, पलीकडच्या धक्क्यावर नेलू तो झेलायचा. आयुष्यभर दोघांचं हेच काम. मग फेरी बंद झाली. नदी पार करायला आता पुलाला वळसा घालायचा, म्हणजे अख्खा दिवस गेला. तिकडचं सरकार म्हणतं इकडच्याने बोट द्यावी, इकडचं म्हणतं तिकडच्याने धक्का बांधावा. दोन देशांमधलं भांडण, म्हणजे ब्रसेल्सचं काम, असं तातेचं गणित. मी तेव्हा जर्मनीत शतावरी काढून, व्हिएन्नात भांडी घासून, उगाच इथे येऊन टेकलो होतो. ताते म्हणाला, "आता तिथे आहेसच, तर जरा त्यांच्या कानावर घाल."

दोन वर्षं झाली, मी कानच शोधतोय.

७ मार्च

कानांची गोष्ट लिहितोच, कारण आज तातेला पुन्हा सगळं समजवावं लागलं. मला शाळेत तीन वेळा एकाच वर्गात बसवलं, पण हे मी पाठ केलंय.

तातेने पहिला अर्ज पाठवला होता "युरोपच्या परिषदेला". ती बसते स्ट्रासबुर्गला. तिथून नम्र उत्तर आलं, की आम्ही ते नव्हे. युरोपची परिषद वेगळी, तिचा ह्या संघाशी संबंधच नाही. झेंडा मात्र तोच. निळ्यावर बारा तारे.

"मग ब्रसेल्सला कोण?" तातेने विचारलं.

"इथे आहे युरोपीय परिषद. सगळ्या देशांचे पंतप्रधान, राष्ट्राध्यक्ष येतात, दिशा ठरवतात आणि जातात."

"आणि कायदे?"

"ते संघाची परिषद. त्यात मंत्री. मासे असतील तर मासेमारीचे मंत्री, रस्ते असतील तर रस्त्यांचे."

"अरे, तीन पोरं झाली आणि तिघांचं नाव स्टोयान ठेवलं! जेवायला हाक मारली तर कोण येणार?"

मी म्हटलं, "ताते, म्हणून तर मी इथे बसलोय." मग पुढचं सांगितलं. आयोग कायदा मांडतो, संसद आणि मंत्र्यांची परिषद मिळून तो पास करतात, लक्झेंबुर्गचं न्यायालय तो कोणी मोडला का बघतं, आणि बाकीच्या संस्था देशोदेशी वाटून टाकल्यात. अन्नाची पार्मात, रसायनांची हेलसिंकीत, समुद्रावरच्या जहाजांची लिस्बनला.

"जहाजांची! मग तिकडेच जाऊ."

"ती समुद्राची, ताते. नदीची नाही."

"नदीचं कोण?"

"दान्यूबचा एक आयोग आहे, बुडापेस्टला. पण तो संघाचा नव्हे, त्याच्याही आधीचा."

"म्हणजे आयोगही दोन. छान." मग म्हणाला, "तुला किती माहीत झालंय रे. मास्तर असता तर दाखवला असता त्याला."

हे ऐकून मी फोन ठेवल्यावरही खोलीत उभाच राहिलो. अर्ध्या तासाने लक्षात आलं की बटाटे जळाले.

१२ मार्च, स्ट्रासबुर्ग

संसद महिन्यातून एकदा सगळा बाडबिस्तरा घेऊन ब्रसेल्सहून इथे येते, चार दिवस बसते आणि परत जाते. प्रत्येक सभासदाच्या दाराबाहेर एक पेटी असते, तिच्यात त्यांनी कागद भरायचे, आम्ही हमालांनी ती ट्रकवर चढवायची, इथल्या दाराबाहेर उतरवायची. मी तातेला "संसदेत आहे" असं सांगितलंय. खोटं नाही. रोज असतो.

आमचा मुकादम आबिलियो, पोर्तुगालचा. पहिल्या दिवशी त्याने विचारलं होतं, "ए बल्गार, सगळ्या चढवल्यास का?" मी हो म्हणून मान आडवी हलवली. आमच्याकडे हो म्हणजे आडवी, नाही म्हणजे वर. त्याने शिव्या देत अख्खा ट्रक उतरवायला लावला. त्यानंतर तो मला काहीही विचारायचं झालं की आधी माझं डोकं दोन्ही हातांनी धरतो आणि म्हणतो, "आता तोंडाने."

तातेचं असं कधी झालं नाही. त्याला दोन माना होत्या. लहानपणी मी बोटीवर बसून बघायचो. आमच्या काठावर आडवी मान म्हणजे हो. नदीच्या मध्यावर, हद्दीच्या खुणेचा तरंगता लाल तरंडा गेला की बदलायची. पलीकडे नेलूशी, तिकडच्या जकातवाल्यांशी, उभी मान म्हणजे हो आणि आडवी म्हणजे नाही. एकदाही चुकला नाही. मी विचारलं, कळतं कसं तुला? म्हणाला, "पाण्याचा रंग बदलतो." मी कितीतरी दिवस पाणी बघत होतो.

आज दुपारी सुटी होती. म्हटलं त्या चुकीच्या परिषदेची इमारत तरी बघावी, जिने आमचा पहिला अर्ज परत पाठवला. निघालो तर शेजारच्या बागेत झाडांवर करकोचे! एकेका झाडावर घरटी, चोची वाजवतायत. इमारत राहिली बाजूला. दोरा सोडायला बसलो. तिथे झाडू मारणारा म्हणाला, "हे काय नवीन नाहीत, ह्यातले बरेच हिवाळ्यातही इथेच असतात. खायला मिळतं, मग कशाला जातील."

जो गेलाच नाही त्याला आलेला कसं म्हणायचं? दोरा तसाच ठेवला. तसंही गाठ सुटत नव्हती.

१६ मार्च

रादोस्वेताबाई भेटल्या. वार्नाच्या, दुभाषी. सभागृहाच्या काचेच्या खोलीत बसून जे कोणी बोलेल ते आमच्या भाषेत सांगतात. ह्या गावात माझ्याशी आमच्या भाषेत बोलणाऱ्या त्या एकट्याच, तेही उपाहारगृहाच्या रांगेत. ताते बोलेल त्या दिवशी समितीला त्याच असणार.

"पोरा, वडिलांना सांग, हळू बोलायचं, आणि माइकचं लाल बटण दाबूनच बोलायचं. माइकमध्ये जे जाईल तेवढंच जगात पोचतं."

"अर्ज मान्य होईल ना?"

"मान्य-अमान्य करायला ते काय दरबार आहे का? समिती बोट सुरू करू शकत नाही. दोन्ही सरकारांना लिहू शकते, आयोगाला विचारू शकते. अर्ज उघडा ठेवला तर विचारत राहतील. बंद केला तर संपलं."

"मग उघडा ठेवायचा."

"किती वर्षं?"

"लागतील तेवढी."

त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. सूप आणि फुकटचा पाव. स्वतःची केकची बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "इथे आणखी कोण आहे तुझं?"

मी म्हटलं, "अर्ज आहे की."

विनोद चांगला होता. त्या हसल्या नाहीत.

१८ मार्च

ताते आला! दोन दिवस बसने. उतरला तेव्हा लहान झाल्यासारखा वाटला. हातात ल्युतेनित्साच्या, म्हणजे आमच्या मिरची-टोमॅटोच्या चटणीच्या बरण्या, प्रत्येकीला मोजा घातलेला, फुटू नये म्हणून.

"मोजे तुझेच," म्हणाला. "बरण्या परत नको पाठवू."

वाटेत पावाच्या दुकानात शिरलो. मुलीने फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं आणि कागदी पिशवी उचलून दाखवली. तातेने झटकन मान उभी हलवली, तिने पिशवीत घालून दिला. चिरून देऊ का, अशी खूण केली. मान आडवी. तिने चिरला नाही. मी दोन वर्षं इथे राहून अजून चिरलेला पाव घेऊन घरी जातो. म्हटलं, "ताते, तुझी मान अजून चालते!"

"लाल तरंडा गेला ना मघाशी," म्हणाला. वाहतुकीच्या दिव्याला म्हणत होता.

नेलू कसाय विचारलं. "नेलू गेला इटलीला. मुलीकडे. नातू सांभाळतो. धक्क्यावर आता कोणी नसतं. मी सकाळी हात करतो, सवयीने. परवा एका बगळ्याने उडून उत्तर दिलं."

मी म्हटलं, "बघ, म्हणूनच फेरी हवी!" त्याने पावाचा कोपरा मोडून मला दिला, लहानपणी द्यायचा तसा.

१९ मार्च

खोली बघून तातेने आधी खिडकीचा पडदा, मग कपाट, मग नळ तपासला. नळ गळत होता, दुरुस्त केला. खुर्ची एकच. तो खुर्चीवर, मी पलंगावर. कप एकच. आधी तो प्यायला, धुतला, मग मी प्यायलो.

"मित्र कुठायत?"

"कामावर."

"सगळे?"

"ताते, ब्रसेल्सला माणसं कामालाच येतात."

मग मी त्याला चौक, संसद, आयोगाची वळणाची इमारत, मंत्र्यांची परिषद, सगळं बाहेरून दाखवत हिंडलो. सगळं पाठ आहे मला. तो इमारती बघतच नव्हता. कोणी मला ओळख देतंय का ते बघत होता असं वाटलं. एका रखवालदाराने हात केला, तर ताते केवढा खूश! तो हात माझ्या मागच्या माणसाला होता, मी सांगितलं नाही.

परत आल्यावर म्हणाला, "घरी कधी येतोस?"

"तुझा अर्ज चालू आहे तोवर कसा येऊ? इथे कोणीतरी नको का? सारखं बघावं लागतं, विचारावं लागतं. नाहीतर मला काय ह्या गावाचं पडलंय. एकदा बोट सुरू झाली की येतो. तिच्यावरूनच येतो, रोमानियाच्या बाजूने. तू दोर फेक, मी झेलतो."

"म्हणजे अर्जासाठी थांबलास."

"मग कशासाठी?"

ताते बराच वेळ कप पुसत राहिला. कोरडाच होता तो. मग म्हणाला, "मी तर उलट समजत होतो."

मी विचारणार होतो उलट म्हणजे काय, पण नळ पुन्हा गळायला लागला आणि तो पाना शोधत उठला.

२० मार्च

लिहायलाही हात होत नाही. सगळं संपलं, आणि तेही एका मानेमुळे.

ताते छान बोलला. काळा कोट, लाल बटण, सगळं सांगितल्यासारखं. दोर कसा फेकायचा ते सांगितलं. धुक्यात नेलू भांडं वाजवायचा आणि बोट त्या आवाजावर जायची, ते सांगितलं. कानाला यंत्र लावलेले वेगवेगळ्या देशांचे सभासद ऐकत होते, एकाने हातातला फोन खाली ठेवला. मी मागे पाहुण्यांच्या रांगेत, आबिलियोचा कोट घालून.

मग अध्यक्षबाई म्हणाल्या, मनापासून आभार. समिती दोन्ही देशांना लिहील, उत्तरं यायला वेळ लागतो. अर्ज उघडा ठेवावा अशी अर्जदाराची इच्छा आहे का?

तातेने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी हसलो, अंगठा दाखवला. तो पुढे वळला आणि त्याने मान आडवी हलवली. आडवी! आमच्या घरातली हो!

बाईंना वाटलं नाही. त्यांनी चांगुलपणाने पुन्हा विचारलं, नक्की का, ठेवायचा नाही? तातेने छातीवर हात ठेवला आणि मान पुन्हा आडवी. लाल बटण दाबलंच नाही. मी उभा राहिलो, "थांबा, थांबा, ते हो आहे!" पण माझ्यासमोर माइक नव्हता. बाईंनी अर्जदाराच्या इच्छेनुसार अर्ज बंद झाल्याचं सांगितलं आणि पुढचा विषय घेतला. मधमाश्यांचा.

दोन वर्षं. तीन परिषदा. आणि नेमकं त्याच दिवशी ताते मान बदलायला विसरला.

२१ मार्च

काल समितीतून बाहेर पडल्यावर रादोस्वेताबाईंना गाठून मी भांडलोच. "तुम्ही वार्नाच्या! तुम्हाला माहीत नाही का आडवी मान म्हणजे काय? बटण दाबून सांगायचं ना!"

त्या म्हणाल्या, "मी प्रश्न त्यांच्या कानात घातला. उत्तर त्यांनी मानेने दिलं. माझ्यापुढे माइक असतो, मान नसते."

"पण कळलं होतं ना तुम्हाला?"

"कळलं होतं. मी काचेतून त्यांचा चेहरा बघत होते, पोरा. तुझ्याकडे त्यांची पाठ होती." मग म्हणाल्या, "आयुष्यभर नदीवर होते ना ते? रोज पलीकडे जायचे?"

"तेच तर! इतकी सवय, आणि ऐन वेळी चुकला!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मास्तर मला तिसऱ्यांदा त्याच वर्गात बघून पाहायचा. म्हणाल्या, "घरी जा जरा." मला वाटलं, खोलीवर जा म्हणतायत. गेलो.

बसथांब्यावर तातेला सांगितलं, "तुला कळलं का काय झालं? तू त्यांच्या भाषेत नाही म्हणालास."

"असं झालं का," म्हणाला आणि मान चोळत बसला. "म्हातारपणी किती बाजूंना हलवायची ती तरी."

"मी पुन्हा करतो अर्ज. लोकपाल पण आहे, स्ट्रासबुर्गला—"

"तो बोट देतो?"

"नाही. संघाच्याच संस्थांनी कारभारात चूक केली तर बघतो. पण इथे तर चूक..."

"चूक कोणाचीच नाही रे," ताते म्हणाला. "आता तुला इथे काय काम उरलं?"

विचारणं म्हणून विचारलं त्याने. मला मात्र छातीत लागलं. जणू माझी नोकरी गेली. बस सुटली तेव्हा तो खिडकीतून हात करत होता, आणि मी रागाने केला नाही. मग केला, पण बस वळली होती.

२५ मार्च

काही नाही. पेट्या. आबिलियोने डोकं धरून विचारलं, "तोंड का असं?" मी म्हटलं, बापाच्या मानेमुळे. त्याला ती आमच्याकडची काहीतरी म्हण वाटली.

नळ आता गळत नाही. त्याचा आवाज होता ते बरं होतं.

३० मार्च

सगळा विचार करून ठेवला आणि तातेला फोन लावला.

"ऐक. नवा अर्ज करायचा. ह्या वेळी तुझ्या एकट्याचा नाही, अख्ख्या गावाचा. सगळ्यांच्या सह्या."

"गावात राहिलंय कोण सह्या करायला?"

"जे आहेत ते. पण हे फोनवर होणारं काम नाही. घरोघर जावं लागेल, समजवावं लागेल, परिषद कुठली, आयोग कुठला. तुला तीन स्टोयान अजून ओळखता येत नाहीत. मलाच यावं लागेल बहुतेक. थोडे दिवस."

पलीकडे काहीच नाही. फक्त बेडूक, आणि लांबवर पाण्याचा आवाज. धक्क्यावर बसला असणार.

"ताते? येऊ का?"

पुन्हा काही नाही. माझ्या लक्षात आलं, मान हलवत असणार. फोनवर बोलतोय हे तो विसरतो. हलवतोय खरा, पण कुठल्या बाजूने, ते कसं कळणार? आणि नदीच्या कुठल्या काठची?

"ताते, तोंडाने बोल!"

"करकोचे आलेत," तो म्हणाला. आवाज जरा बसल्यासारखा होता, सर्दी झाली असेल बसमध्ये. "पाण्याच्या टाकीवर. घरटं नीट करतायत. तुझा दोरा आहे का अजून हातावर?"

"आहे. गाठ सुटत नाही, कापणार आहे उद्या."

"कापू नकोस," ताते म्हणाला. "मी सोडतो."

आणि फोन ठेवला. येऊ की नको, ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही. उद्या बसचं बघतो, आणि तिथे पोचल्यावर विचारतो.